पुसलेल्या ठिपक्यांचं व्याज

आमच्या बचत गटाच्या वहीत दर महिन्याला वीस सह्या असतात. हिशेब मात्र एकीच्याच अक्षरात, कारण ती दहावी झालेली. सह्या करायला आम्हीच शिकवलं. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. पुढच्या काही वर्षांत आमच्यासारख्या कितीतरी जणी पाटी-खडू घेऊन वस्त्यांत शिरल्या. अंगठा गेला, सही आली, आम्ही पेढे वाटले. ज्या आकड्यांखाली सही करायची ते आकडे तपासता येतात का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बायांना हिशेब येत नाही असं कुणी म्हणू नये. आमच्यातली भाजी विकणारी मावशी ८० रुपये किलोच्या दराने पाऊण किलो कारल्यांचे साठ रुपये चटकन सांगते: अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस. पाचशेच्या नोटेतून ३६८ वळते करायचे असले की ती ३६८ वर आधी दोन, मग तीस, मग शंभर चढवत जाते आणि १३२ रुपये हातावर ठेवते. तीच वजाबाकी फळ्यावर उभी मांडली की म्हणते, ‘ताई, मला नाही येत.’ ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर होती, कागदावर नुसती आकडेमोड दिली तेव्हा जेमतेम ३७. मावशीला हे सांगितलं तर तिला मुळीच नवल वाटलं नाही.

डोक्यातला हिशेब कागदावर आणायचा तर मध्ये डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं, हे मला पटलं होतं. पण मी पहिल्या दिवशी नेले बालवाडीचे तक्ते. चेंडू, फुगे, सफरचंदं. ‘आम्ही काय पोरं आहोत का?’ एकीने विचारलं, आणि ते बरोबरच होतं. मग कागदाच्या खोट्या नोटा केल्या, फक्त शंभराच्या, दहाच्या आणि एकच्या. ‘हातचा घेणे’ म्हणजे नोट मोडणे, हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं.

आकडे लिहिणं त्याहून अवघड गेलं. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून नव्याने लिहिणारी ५२ लिहिते. त्याला उपाय पत्त्यांचा. २० च्या पत्त्यातल्या शून्यावर ५ चा पत्ता ठेवला की २५ होतात, आणि उचलला की खालचे वीस पुन्हा दिसतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीचं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! टिंगल करणाऱ्यांनी चाळिशीत पहिल्यांदा आकडा लिहिणाऱ्या बाईशेजारी तासभर बसायला हवं होतं.

रांगोळीच्या ठिपक्यांना मात्र कुणी पोरखेळ म्हटलं नाही. पाच ओळी, ओळीत सात ठिपके, की गुणाकार झाला. बाजूने पाहिलं तर सात ओळी, ओळीत पाच. (रांगोळी जिथे चालत नाही तिथे आम्ही चिंचोके घेतो.)

याच ठिपक्यांनी आमचे डोळे उघडले. गटातल्या एकीने बाहेरून १२,००० रुपयांचं कर्ज घेतलं होतं. वर्षाची मुदत, दरमहा हजार मुद्दल आणि शेकडा दोनने व्याज, म्हणजे हजारी वीस. देणाऱ्याने व्याजाचे एकूण २,८८० सांगितले, तिने सही केली. आम्ही अंगणात बारा ओळी घातल्या, ओळीत बारा ठिपके. एक ओळ म्हणजे एक महिना, एक ठिपका म्हणजे एक हजार. मग तिलाच म्हटलं, फेडलेले हजार पुसत जा. दुसऱ्या ओळीतला एक पुसला, तिसऱ्यातले दोन. शेवटच्या ओळीत एकच उरला. जिन्यासारखी आकृती झाली. उरलेले ठिपके मोजायला एकीने युक्ती काढली. पहिली आणि शेवटची ओळ मिळून तेरा, दुसरी आणि अकरावी मिळूनही तेरा. अशा सहा जोड्या, तेरा सक अठ्ठ्याहत्तर. त्यांचे विसाप्रमाणे १,५६०. पुसलेले ठिपके ६६, त्यांचे १,३२०. ‘म्हणजे जे पैसे मी देऊन टाकले, त्यांचंही व्याज मी भरते?’ ती म्हणाली. बराच वेळ कुणी ठिपक्यांवरून उठलं नाही.

आता मोबाइलवर हिशेब होतो, मग हे कशाला, असं आमच्यातल्याच काही जणी म्हणतात. पण मोबाइलवर बारा गुणिले दोनशे चाळीस केलं तर तोही २,८८० च दाखवतो. कुठल्या रकमेवर व्याज लावलं आहे हे विचारण्याचं काम बाईलाच करावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सूक्ष्म कर्जाचं माहितीपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. भाषा समजली तरी आकडा समजायचा उरतोच. म्हणून माझं म्हणणं असं की कायद्याच्या शिबिराला आपण दोन दिवस देतो, तसाच एक दिवस ठिपक्यांना द्यावा, आणि वही लिहिण्याची पाळी दर महिन्याला बदलावी. आमच्या गटात या पाळीवरून थोडी कुरबुर झाली. दहावी झालेलीला वाईट वाटलं. अजून वाटतं.

भागाकार मात्र आमचा अडला आहे. चिंचोके सारखे वाटून होतात, पण बाकी उरली की तिचे पैसे कसे करायचे, इथे सगळ्या गोंधळतो. कुणा गटाला सोपी रीत सापडली असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.