लिंबोळीला ५ जून कळत नाही

मे लागला की हल्ली गावोगाव बीजगोळे वळायला बसतात. माती, शेणखत, पोटात दोन-तीन बिया, वर एक फोटो, आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, सगळे गोळे माळावर. शिरूर-दौंडचा पट्टा त्याला अपवाद कसा असेल? बी कच्चं की पक्कं, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: बी ते बी, पाऊस झाला की उगवेल, जंगलात कोण निवडून पेरतं?

हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. पण एक जुना लिंब दरसाल हजारो लिंबोळ्या टाकतो; त्यातलं एखादं रोप जगलं तरी त्याचं भागतं. आपल्याकडे एकच गोणी असते. शिवाय रानात निवड होत नाही, हेही खरं नाही. पाखरं आणि वटवाघळं पिकलेल्या लिंबोळीवरच तुटून पडतात. गर त्यांच्या पोटात जातो, बी साफ होऊन खाली येतं. आपण मात्र आकडीनं झोडपून हिरवं, पिवळं, सुरकुतलेलं सगळं एकाच पोत्यात कोंबतो.

आता महिने मोजा. आपल्याकडे लिंबोळी साधारण जून-जुलैत पिकते, आणि साध्या साठवणीत तिच्या बीचा जीव काही आठवडे, फार तर थोडे महिने टिकतो. मग मे महिन्यातल्या गोळ्यात जाते ती लिंबोळी कुठली? गेल्या सालची असेल तर मेलेली, यंदाची असेल तर बहुधा कोवळी. जांभळाचंही तेच, ते बी वाळलं की संपलं. बीजगोळ्याला माझा विरोध नाही. त्याच्या पोटात मढं भरून वर हार घालण्याला आहे.

खात्रीला प्रयोगशाळा लागत नाही. लिंबोळीचं बी फोडा आणि आतला मगज ब्लेडनं कापा. बीजदलं हिरवी, भरीव दिसली तर बी जिवंत. पिवळट किंवा तपकिरी झाली असतील तर ते फेकून द्या. फार कोवळ्या फळात दलंच भरलेली नसतात, वाळवल्यावर नुसती सुरकुती उरते.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा: झाडाखाली पडून खडखडीत वाळलेलं तेच पक्कं बी. चिंचेला हे लागू आहे. लिंबाला नाही. खाली पडून राहिलेल्या लिंबोळीचा गर आंबतो, बुरशी धरतो, बी आतून जातं. ती हिरव्यावरून पिवळ्यावर आली की उतरवावी, लगेच गर चोळून धुवावा, गोणपाटावर सावलीत सुकवावी आणि फार न थांबता पेरावी.

तिसरा आक्षेप जाणत्यांचा आहे, म्हणून तो जास्त मोलाचा. बाभळीसारख्या शेंगांच्या झाडांचं बी पुरतं वाळण्याआधी काढलं तर गरम पाण्यात न भिजवताही लवकर उगवतं, असं ते म्हणतात. म्हणणं बरोबर आहे. पाणी आत न घेणारं टणक कवच अगदी शेवटच्या वाळण्यात तयार होतं. पण असं बी टिकत नाही. आणि रोपवाटिकेतल्या पिशवीला रोज पाणी मिळतं, माळाला मिळत नाही. शिरूर-दौंड पर्जन्यछायेत, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मध्येच ओढ देणारा. पहिल्या सरीला सगळ्याच बिया फुटल्या तर पुढच्या उघडीपीत सगळीच रोपं करपतात. बाभळीच्या पक्व बिया एकदम फुटत नाहीत. काही यंदा, काही पुढच्या साली. ज्याला आपण ‘उगवण कमी’ म्हणून नावं ठेवतो, तीच या मुलखात झाडाची शहाणीव आहे.

रोपवाटिकेला सगळी रोपं एकदम हवी असतील तर त्यालाही जुनी वाट आहे. शेळ्या पिकलेल्या शेंगा खातात आणि रवंथ करताना बऱ्याच बिया बाहेर टाकतात. वाडग्यातून वेचलेलं हे बी लवकर रुजतं, आणि ते पक्व शेंगेचं असतं.

तेव्हा शेंगा कधी, लिंबोळ्या कधी, हे झाडाला विचारून ठरवावं. ५ जूनच्या कार्यक्रमाला चिंच, बाभूळ, बोर खुशाल घ्या. त्यांची फळं तोवर पिकून गेलेली असतात. लिंबोळीचा कार्यक्रम जुलैत ठेवावा. पाहुण्यांना तेव्हा सवड नसेल तर पाहुण्यांवाचून.