सिंगुत्तराच्या पायऱ्या

यांगून शहरात सिंगुत्तर टेकडीच्या माथ्यावर सुमारे 99 मीटर उंचीचा जो सुवर्णमंडित श्वेडगोन पॅगोडा उभा आहे, त्याच्या दर्शनास गेलेले आपल्याकडील पुष्कळसे प्रवासी लिफ्टने थेट वरच्या प्रांगणात दाखल होतात आणि तासाभरात छायाचित्रे घेऊन परततात, हे मला मनापासून खटकते. वृद्धांना व पंगूंना ती सोय अवश्य असावी. परंतु ज्याचे गुडघे धड आहेत त्याने, चिंथे नावाच्या दोन महाकाय सिंहमूर्तींमधून आत शिरून, पायथ्याशीच वहाणा उतरवून, फुले, उदबत्त्या आणि सोन्याचे वर्ख विकणाऱ्या दुकानांच्या रांगेतून त्या छप्पर घातलेल्या जिन्याने सावकाश वर चढावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण या टेकडीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पुष्कळ अंशी तिच्यावर कोणी कसे पाऊल ठेवावे या प्रश्नाचाच इतिहास आहे.

1824 साली इंग्रजी फौजेने ही टेकडी काबीज करून तेथे छावणी घातली, आणि पुढल्याच वर्षी, राजा सिंगूने अठराव्या शतकात ओतविलेली सुमारे 23 टनांची महाघंटा कलकत्त्यास नेण्यासाठी खाली उतरविली. ती नदीत बुडाली. ज्यांनी नेली त्यांना ती वर काढता आली नाही. ज्यांची होती त्यांनी ती काढली आणि पुन्हा टेकडीवर नेऊन टांगली. 1852 च्या युद्धात टेकडी पुन्हा इंग्रजांच्या हाती पडली, आणि तेव्हा बसलेले लष्करी ठाणे 1929 पर्यंत उठले नाही. 1871 साली मंडालेच्या मिंडॉन राजाने शिखरासाठी रत्नजडित छत्र पाठविले, तेव्हा छत्र चढविण्यास सरकारने परवानगी दिली, परंतु राजाला स्वतः येण्यास मज्जाव केला. त्याच मिंडॉनचा पुत्र थिबा 1885 मध्ये पदच्युत होऊन पुढे रत्नागिरीस आणला गेला आणि 1916 साली तेथेच वारला. त्याचा राजवाडा पाहून आलेल्या मराठी माणसाला तरी ही टेकडी परकी वाटू नये.

थिबाच्या पित्याला जेथे पाऊल ठेवता आले नाही, तेथे साहेबलोक खुशाल बूट घालून हिंडत, आणि अनवाणी प्रदक्षिणा घालणारी ब्रह्मी रयत ते मुकाट्याने पाही. लेडी सयाडो या विद्वान भिक्षूने या प्रघाताविरुद्ध लिहिले, तरुण बौद्ध संघटनांनी चळवळ उभारली, आणि अखेर 1919 साली आपल्या आवारात कोणी कशा वेषाने यावे हे ठरविण्याचा मठाधिपतींचा अधिकार सरकारला मान्य करावा लागला. पायथ्याशी वहाणा काढताना त्रासिक मुद्रा करणाऱ्या प्रवाशाला हे कोणी सांगत नाही, सांगितले पाहिजे.

वरच्या प्रांगणातील संगमरवर भर दुपारी तळपाय भाजून काढतो, म्हणून संध्याकाळी जावे. स्तूपाच्या पायाशी आठ दिशांना आठ स्थाने आहेत आणि प्रत्येक जण आपल्या जन्मवाराच्या स्थानी जाऊन मूर्तीवर पाणी घालतो. वार सात आणि स्थाने आठ, कारण बुधवारचे दोन भाग मानतात, पूर्वार्ध बुधाचा आणि दुपारनंतरचा राहूचा. राहूचे वाहन बिनसुळ्यांचा हत्ती. नवग्रहांशी लहानपणापासून परिचय असलेल्या आपल्यासारख्यांना त्या परक्या लिपीच्या गर्दीत राहू असा अकस्मात भेटतो, तेव्हा वाटणारे नवल शब्दांत सांगणे कठीण आहे. राहूचे हे स्थान वायव्येस आहे. त्याच बाजूस एका मंडपात ती नदीतून परत आलेली महाघंटा टांगलेली आहे, आणि तिच्याजवळून माणसे अनवाणी, लेकरांची बोटे धरून, हातांत फुले घेऊन पुढे जात असतात.