चरित्र कीं आरती?

नाट्यसंगीताचें वेड असलेल्या मराठी घरांत बालगंधर्वांचीं चरित्रें भक्तिभावानें वाचलीं जातात. हा भक्तिभाव समजण्याजोगा आहे. परंतु त्याच्या आडून जें असत्य खपविलें जातें, त्याचा निषेध करणें आम्हांस अवश्य वाटतें.

गंधर्व नाटक मंडळी 1913 सालीं निघाली, तेव्हां नारायणराव राजहंस, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे असे तिघे भागीदार होते. पुढें बोडस व टेंबे दोघेही मंडळींतून बाहेर पडले. बोडसांची ‘माझी भूमिका’ 1940 सालीं व टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ 1948 सालीं प्रसिद्ध झाला. दोघेही प्रत्यक्ष साक्षीदार खरे. पण साक्षीदार जेव्हां विभक्त झालेला भागीदार असतो, तेव्हां त्याची उलटतपासणी करावीच लागते. एकच ग्रंथ वाचून मत बनविणारा वाचक हा एकाच पक्षाची कैफियत ऐकून निवाडा देणारा न्यायाधीश होय.

याचें दुःखद उदाहरण गोहरबाई कर्नाटकी यांचें. मंडळीच्या ऱ्हासाचें खापर त्यांच्या माथीं फोडण्याची चालच पडली आहे. आतां नुसतीं सालें पाहा. ‘द्रौपदी’ 1920 सालीं मोठ्या डामडौलानें रंगभूमीवर आलें. कर्जाचा डोंगर त्याच दशकांत उभा राहिला. 1932 पासून मराठी बोलपटांनीं प्रेक्षक ओढून नेला, आणि खुद्द बालगंधर्वांनीं 1935 सालीं ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त भूमिका केली. गोहरबाई मंडळींत आल्या त्या 1938 च्या सुमारास! घर जळाल्यावर आलेल्या पाहुणीवर आग लावल्याचा आरोप करावा, तसाच हा प्रकार नव्हे काय?

कोणी म्हणेल, रसिकाला सनावळीशीं काय कर्तव्य? आमचें उत्तर असें कीं, बालगंधर्वांचें मोठेपण त्यांच्या गळ्यांत आहे. तें टिकविण्यासाठीं दुसऱ्याच्या बदनामीची गरज नाहीं. 2011 सालचा चित्रपट पाहावा, अभिराम भडकमकरांची कादंबरीही वाचावी. पण कलाकृति म्हणून, पुरावा म्हणून नव्हे.

किन्हीराजासारख्या गांवीं एखाद्या घरांत असें एखादेंच पुस्तक येतें, आणि तेंच पुढील पिढीचें मत ठरवितें. म्हणून विकत घेण्यापूर्वीं कर्जाचें प्रकरण उघडून पाहावें. तेथें साल, रक्कम व माहितीचें मूळ दिलेलें असेल, तर ग्रंथ खुशाल घरीं न्यावा. केवळ दुर्दैव, दुष्ट माणसें आणि एक बाई एवढेंच असेल, तर तें चरित्र नव्हे, आरती होय. तिची जागा देव्हाऱ्यापुढें, ग्रंथांच्या कपाटांत नाहीं.