आयता कौल

‘पास्टर, देवाची इच्छा काय ते सांगा ना!’ नोकरी असो की सोयरीक, जळगावच्या चर्चबाहेर हा प्रश्न ठरलेला. प्रार्थना हवीच, वडीलधाऱ्यांचा सल्लाही. पण पाळकाकडून आयता कौल मागणं मला पटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचंच पाहा: त्यांचे पती रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात, ताटातुटीनंतर, त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळं सांभाळून, चूल-पाणी वेगळं ठेवून. जात देवानं केली की माणसानं, हा गुंता स्वतः सोडवला आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. घरात खुद्द टिळक असताना! त्याच बिऱ्हाडी पुढे आपले धरणगावचे बालकवी नगरला राहिले, लेकरासारखे. धर्म मात्र त्यांनी बदलला नाही.