शेरा कोणी पुसावा?

‘काळ न्याय करतो’ असे म्हणून मोकळे होण्याची चाल पडून गेली आहे. स्लोडाइव्ह या इंग्रज वाद्यवृंदाची कहाणी अलीकडे याच वचनाच्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. आम्हांस तो दाखला मान्य नाही.

१९८९ साली रेडिंग येथे नील हॅल्स्टेड, रेचल गॉस्वेल व त्यांच्या सोबत्यांनी हा वृंद काढला. गिटारचा नाद यंत्रांतून घोळवून त्याचे दाट धुके उभे करावे आणि गाणाऱ्याचा आवाज त्यात विरघळू द्यावा, ही त्यांची रीत. पायाशी ठेवलेल्या यंत्रांकडे पाहत हे वादक वाजवीत; म्हणून या पंथास ‘शूगेझ’, म्हणजे स्वतःच्या जोड्यांकडे टक लावणारा, असे हिणविण्यात आले. लंडनच्या ज्या साप्ताहिकांनी त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका डोक्यावर घेतल्या, त्यांनीच पुढे पाठ फिरविली. १९९३ च्या ‘सुव्लाकी’विषयी ‘मेलडी मेकर’च्या परीक्षकाने लिहिले की, ती पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीच्या टबात गुदमरून मरणे बरे! १९९५ साली ‘पिग्मॅलियन’ निघाली आणि लगोलग क्रिएशन कंपनीने त्यांस निरोप दिला. वृंद मोडला. २०१४ साली ते पुन्हा एकत्र आले. २०१७ साली, बावीस वर्षांनी, नवी ध्वनिमुद्रिका निघाली. २०२३ ची तर ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत गेली.

यात काळाने काय केले? केले ते श्रोत्यांनी. परीक्षण छापले गेले तेव्हा ज्यांपैकी कित्येकांचा जन्मही झाला नव्हता, त्या तरुणांनी. शिवाय स्लोडाइव्ह निदान परतले. जे परतलेच नाहीत, त्यांचे दाखले या वचनाखाली कोण देईल?

परखड टीकेस आमचा विरोध नाही. ‘सुव्लाकी’ न आवडण्याचा अधिकार परीक्षकास होताच. ब्रिटपॉपचा वारा सुटला म्हणून कालचे मत आज फिरविणे, आणि कारणांच्या जागी कोटी करणे, याला मात्र आम्ही टीका म्हणत नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेक सरकारी सेवेत आहेत. प्रतिकूल शेऱ्याची धग त्यांस ठाऊक आहे; पण त्यांस निदान त्यावर निवेदन करता येते. कलावंताने निवेदन कोणाकडे करावे?

आम्हीही परीक्षणे छापतो, म्हणून हे स्वतःसही बजावतो : चुकीचा शेरा ज्याने मारला, त्यानेच तो सही करून पुसावा. काळाच्या टेबलावर ती फाईल सरकवू नये.