शाल-श्रीफळ पुरे, पिटात बोलवा

मोटोक्रॉसचा चॅम्पियन रिटायर झाला की आपल्याकडे त्याचं काय होतं, ते मी गॅरेजवाला म्हणून जवळून बघतो. शाल, श्रीफळ, फीत कापायला कात्री. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. खाली पोरांच्या गाड्यांचं सस्पेन्शन चुकीचं लावलेलं असतं, तीन लॅपमध्ये हात भरून येतात, आणि ज्याला ते बघताक्षणी कळेल तो माणूस मंचावर पुष्पगुच्छ सांभाळत असतो.

बेल्जियमच्या रॉजर डी कॉस्टरने तो मंच नाकारला. 1944 साली जन्मलेला हा गडी आधी चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर धावायचा. आपल्या येझदीच्या माहेरचीच ती गाडी. मग सुझुकीवर 1971, 72, 73, 75 आणि 76 अशी 500 सीसीची पाच जगज्जेतेपदं. 1978 मध्ये सरावात पडून प्लीहा फुटली, जिवावर बेतलं, तरी त्याच हंगामात तो परतला. 1980 मध्ये होंडावर लक्झेंबर्गची ग्रां प्री जिंकून त्याने हेल्मेट उतरवलं.

एवढ्या पुण्याईवर जन्मभर सत्कार घेता आले असते. तो अमेरिकेत होंडाच्या टीमचं काम बघू लागला. मोटोक्रॉस दे नेशन्स ही देशोदेशींच्या संघांची शर्यत अमेरिकेने तोवर कधीच जिंकली नव्हती. 1981 ला बाकी कंपन्यांनी रायडर पाठवले नाहीत, म्हणून चौघेही होंडाचेच गेले: डॅनी लापोर्ट, जॉनी ओमारा, डॉनी हॅन्सन, चक सन. आधी बेल्जियममधलं लोमेल. तिथल्या वाळूत भल्याभल्यांचा दम निघतो. तिथे, बेल्जियमच्या अंगणात, ही पोरं 250 सीसीची ट्रॉफी दे नेशन्स जिंकली. मग जर्मनीत बीलश्टाइनला 500 सीसीची मुख्य शर्यतही. त्यानंतर 1993 पर्यंत अमेरिकेला कोणी हरवलंच नाही. सलग 13 वर्षं!

प्रत्येक चॅम्पियनला हे जमत नाही, हे मान्य. ज्याच्या मनगटात सगळं उपजत आहे, त्याला ते दुसऱ्याला सांगता येत नाही. पोरगा येऊन एवढंच म्हणतो, ‘गाडी मागून लाथ मारते.’ सस्पेन्शनचा रिबाउंड किती क्लिक आवळायचा, की पोरगाच उडीआधी थ्रॉटल सोडतोय, हे त्या अर्ध्या वाक्यातून ओळखावं लागतं. डी कॉस्टर कारखान्याच्या प्रायोगिक गाड्यांवर वाढला होता, शरीरही मेहनतीने कमावलेलं होतं. आपण का जिंकतो, हे त्याला ठाऊक होतं. असा माणूस हेरायचा असतो.

वयाच्या 66व्या वर्षी, 2011 च्या हंगामासाठी, तो केटीएममध्ये गेला. अमेरिकेत 450 सीसीच्या वर्गात या कंपनीच्या नावावर एकही किताब नव्हता. तिथल्या नियमाप्रमाणे शर्यतीची गाडी दुकानात विकल्या जाणाऱ्या गाडीवरच बेतलेली लागते, त्यामुळे टीमला हवा तो बदल आधी कंपनीच्या गळी उतरवावा लागतो. आधी तो सुझुकीची टीम सांभाळत असताना त्याच्याच हाताखाली जिंकलेला रायन डंजी मागोमाग आला. 2012 ला मोटोक्रॉसचा किताब आला, 2015 ला सुपरक्रॉसचा. चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूकवर मिरवणाऱ्या किती पोरांना त्या केशरी रंगामागचा हा म्हातारा माहीत असेल?

आपल्याकडेही पुण्या-नाशकात डर्ट ट्रॅक गाजवलेले, जुन्या टू-स्ट्रोकवर हाडं मोडून घेतलेले लोक आहेत. टीमवाल्यांनी त्यांना पाहुणे म्हणून बोलावणं बंद करावं. पगार द्या, सरावाच्या दिवशी हातात स्टॉपवॉच द्या, कोणती गाडी, कोणता रायडर, हे ठरवण्याचा अधिकार द्या. आणि निकाल वाईट लागला तर पहिला जाब त्यांनाच विचारा. शालीपेक्षा त्यात जास्त मान आहे.