खिडक्या उघडायच्या की लावायच्या?

१९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर, घाटकोपर, पवई, मुलुंड, जिकडून तिकडून एकच तक्रार: गॅसचा वास येतोय. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वॉचमन खाली उभा राहून ओरडत होता, "साहेब, खिडक्या उघडायच्या की लावायच्या?" कुणी उघडल्या, कुणी लावल्या. एक काका तर वास नीट घ्यायला गच्चीवर गेले. त्या रात्री शोधाशोध झाली, गळती काही सापडली नाही. ६ जून २०२० ला पुन्हा तोच प्रकार. तेव्हा पालिकेनं १७ गाड्या ध्वनिक्षेपकांसह सज्ज ठेवल्या आणि त्रास होत असेल तर नाकावर ओलं फडकं धरा म्हणून सांगितलं.

वॉचमनचा प्रश्न बावळट नव्हता. स्वयंपाकघरातला पाइप गळत असेल तर खिडक्या सताड उघडायच्या. बाहेर क्लोरीन पसरला असेल तर घट्ट लावायच्या. उत्तर पदार्थावर ठरतं, आणि पदार्थ कोणता हे ओळखायचं कसं, ते आधी पोचणाऱ्याला कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पण ते मांडलं की समोरून ठरलेली उत्तरं येतात.

पहिलं उत्तर, उपनगरांत आता कारखाने उरलेत कुठे? लालबहादूर शास्त्री मार्गावर धुराडी गेली, टॉवर आले, हे खरंच आहे. पण रसायनं चाकांवर बसून फिरतात. माहुलच्या रिफायनऱ्यांतून निघालेले टँकर घाटकोपर, मुलुंड ओलांडूनच पुढे जातात, आणि शाळेच्या बसशेजारी सिग्नलला उभे राहतात.

दुसरं उत्तर जास्त वजनदार वाटतं: यासाठी खास पथकं आहेत, ती येतील. येतील ना! अग्निशमन दलाचं मुख्यालय भायखळ्याला. संध्याकाळी सहाला तिथून मुलुंडला यायला किती वेळ लागतो, हे मुलुंडकराला विचारा. तोवर टँकरपाशी कोण असतो? ट्रॅफिकचा हवालदार, १०८ चा ड्रायव्हर, जवळच्या केंद्रातली पहिली गाडी, आणि मोबाइल काढून उभे असलेले दोनशे जण. पहिल्या दहा मिनिटांतल्या चुका खास पथकाला निस्तरता येत नाहीत.

तिसरं उत्तर भावनेचं असतं, म्हणून त्याच्याशी भांडणं जड जातं: आमचे जवान जिवाची पर्वा करत नाहीत. नेमकं तेच तर दुखणं आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं. आत काय आहे ते कळलं होतं. पण जहाज बाहेर ओढून न्यायचं की जागीच बुडवायचं, हा निर्णय कोणी घ्यायचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला. होसपाइप धरून उभे असलेले ६६ अग्निशमन जवान त्या दिवशी गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, हार घालतात, बिल्ले लावतात. धाडसात ते कुठे कमी पडले? तरीही २०१० च्या जुलैत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला, तेव्हा बाधितांत अग्निशमन जवानही होतेच.

शिकवायचं काय, ते बघा. टँकरच्या मागं आणि बाजूला एक पाटी असते. पेट्रोलच्या टँकरवर १२०३ हा आकडा आणि वर 'थ्री वाय ई' अशी अक्षरं. तीन म्हणजे फेस वापरा. चार असतं, तर पाणी जवळही आणायचं नव्हतं. 'ई' म्हणजे माणसं हलवायचा विचार करा. एलपीजीला १०७५, क्लोरीनला १०१७. हे लांबूनच वाचायचं, आणि वारा पाठीशी घेऊन. वाऱ्याची दिशा कळायला यंत्र नको. समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेली साडी कुठे फडकतेय ते बघितलं की झालं. क्लोरीन नि एलपीजी हवेहून जड, ते सखल जागी, गटारात, तळघरात उतरतात. घरी पाइपनं येणारा गॅस हलका, तो वर जातो. आणि कुणी कोसळलेला दिसला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय त्याच्याकडे धावायचं नाही. शिकवायला सगळ्यात अवघड हेच, कारण ते माणुसकीच्या विरुद्ध वाटतं. पण मागोमाग धावलेला दुसराही तिथंच पडतो.

राहिला खर्चाचा मुद्दा. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला मोटार वाहन नियमांनुसार तीन दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्याच टँकरला हात दाखवून थांबवणाऱ्या हवालदाराबद्दल त्या नियमात अक्षर नाही. गॅसपोशाख सगळ्यांना द्या असं कोण म्हणतंय? एक दिवस द्या, दरवर्षी. राज्य अग्निशमन अकादमी कलिन्यात आहे, अंधेरी-घाटकोपरहून काही परदेशी जायचं नाही. सराव मात्र वर्गात नको. एखाद्या रविवारी पहाटे मुलुंड चेकनाक्यापाशी रिकामा टँकर आडवा लावा, हवालदार, रुग्णवाहिका, आसपासच्या सोसायट्यांचे वॉचमन सगळ्यांना बोलवा, आणि टँकरच्या पाटीवर मुद्दाम चिखल फासा. खऱ्या टँकरवर पावसाळ्यात तो असतोच.